एका जागी न बसणाऱ्या मुलांच्या ताराबाई

अकोल्याहून राजूरमार्गे भंडारदऱ्याच्या दिशेने निघाले, की डोंगरउतारावर महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या दिसू लागतात. वाडी लहान असली, तरी तिथे किंवा शेजारच्या वाडीत अंगणवाडी बहुधा असतेच. सकाळी ताई दार उघडतात, मुले गोल करून बसतात, गाणे सुरू होते आणि नेमके त्याच वेळी एखादे पोर गोलातून उठून दाराकडे धाव घेते. आणून बसवावे, तर पुन्हा उठते. दुसऱ्याच्या हातातला ठोकळा ओढते, रंगलेला खेळ मोडते, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. असे पोर अकोल्याच्या डोंगरात असते, तसेच पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळेतही असते. घरचे त्याला वांड म्हणतात, शेजारपाजारचे आईला बोल लावतात आणि बरोबरीची मुले त्याला हळूहळू खेळायला घेईनाशी होतात.

अंगणवाडी हा शब्द आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कोणी तरी घडवला असेल हे मनातही येत नाही. त्याची मुळे शोधत गेले, तर वाट डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी ताराबाई मोडक यांच्यापाशी जाऊन पोहोचते. चार भिंतींची शाळा ज्यांना आपली वाटत नव्हती, अशा मुलांसाठी ताराबाईंनी उभा जन्म वेचला. त्या डॉक्टर नव्हत्या. अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांसाठी आज सर्रास वापरले जाणारे एडीएचडी हे नाव त्यांच्या हयातीत रूढही झालेले नव्हते. तरीही अशा मुलाला माणसांत कसे मिसळू द्यावे, त्याला बोलते कसे करावे, या प्रश्नाशी आज झगडणाऱ्या आईवडिलांनी त्यांचे चरित्र जरूर जाणून घ्यावे असे आहे.

सुधारकांच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई ही दोघे प्रार्थना समाजातली. मुलींनी शिकावे की नाही, यावर बहुतेक घरांत अजून वाद होते, त्या काळात ताराबाई शिकत राहिल्या आणि १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी, हाताशी पदवी, आणि पाठीशी फारसे कोणी नाही, अशा अवस्थेत त्यांनी राजकोटची वाट धरली. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेचे हे पद मानाचे होते आणि पगारही चांगला होता. एकट्या बाईने ते घट्ट धरून ठेवले असते, तर त्यात कोणालाही वावगे वाटले नसते.

पण काठेवाडातच, भावनगरला, एक वेगळा प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. तिथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती. गोष्टी, गाणी, माती, बाग आणि खेळ यांतून अडीच-तीन वर्षांची पोरे शिकत होती. मिशा राखणाऱ्या या गृहस्थाला लोक कौतुकाने मिशीवाली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोटचे स्थिर पद सोडून भावनगरला गेल्या. पुढची नऊ वर्षे त्या बालमंदिरातच रमल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि बालशिक्षण हेच ताराबाईंचे जीवितकार्य ठरले.

अवघड मुलांतून जन्मलेली पद्धत

भावनगरच्या बालमंदिराला आधार होता इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा. माँटेसरी म्हणजे महागड्या शाळा असे समीकरण आपल्याकडे नंतर रूढ झाले. मुळात ही पद्धत ज्यांच्यावर इतरांनी पाणी सोडले होते, अशा मुलांमधून जन्माला आली. माँटेसरीबाई स्वतः डॉक्टर होत्या. मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर त्यांनी रोममध्ये काम केले, त्या मुलांना हातांनी शिकू दिले, आणि मग १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांची सारी भिस्त निरीक्षणावर होती. मूल काय करत नाही हे मोजण्याआधी ते कशात रमते हे शिक्षकाने पाहायचे. मूल एखाद्या कामात गुंगले, की मोठ्यांनी मध्ये पडायचे नाही.

गिजुभाईंच्या दिवास्वप्न या पुस्तकात एक प्रसंग आहे. नवा शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात जातो, मुलांना शांत बसवण्याचा प्रयोग करतो आणि तो साफ फसतो. वर्गात नुसता गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तोच शिक्षक गोष्ट सांगायला बसतो आणि तीच मुले जवळ सरकून कान देऊन ऐकू लागतात. कथा काल्पनिक आहे, पण शिकवणारा प्रत्येक माणूस ती ओळखतो. आधी शांत बस, मग शिकवतो, हा क्रम मुलाला मानवत नाही. आधी मनाला धरून ठेवणारे काही हाती द्यावे, शांतता मागाहून येते.

माँटेसरी पद्धतीत शांततेचाही खेळ होता. मुलांनी अगदी स्तब्ध राहायचे, दूरचे आवाज ऐकायचे आणि कुजबुजत्या स्वरात आपले नाव पुकारले गेले, की पाय न वाजवता उठून जायचे. दटावून आणलेली चिडीचूप वेगळी आणि ही वेगळी. इथे स्तब्ध राहणे हाच पराक्रम असतो. थांबणे हे कौशल्य आहे आणि पोहण्यासारखे तेही सरावाने येते, ही समज त्या खेळामागे आहे. अतिचंचल मुलाच्या आईवडिलांना आज बालमानसतज्ज्ञ वेगळ्या शब्दांत हेच सांगतात.

शाळेने अंगण गाठले

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका घडवण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. शिक्षणपत्रिका या मासिकातून त्या आईवडिलांसाठी लिहीत राहिल्या. मध्यमवर्गीय घरांत बालमंदिर हा शब्द पोहोचू लागला. १९३९ साली गिजुभाई गेले आणि या चळवळीचा मोठा भार ताराबाईंवर आला.

शहरात नाव झाले होते. पण ही पद्धत खेड्यातल्या गरिबाच्या पोरापर्यंत जाणार कशी, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. माँटेसरीची लाकडी साधने विकत घ्यायला खेड्यात पैसा कुठून येणार? वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि नोकरी करत शिकलेल्या या तरुण शिक्षिकेने ताराबाईंबरोबर बोर्डीला जायचे ठरवले. गुरू-शिष्येची ही जोडी मग ताराबाईंच्या अखेरपर्यंत अभंग राहिली.

बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले येऊ लागली, पण दलित वस्तीतली येईनात. आईबाप मजुरीला जात, धाकटी भावंडे थोरल्यांच्या काखेला असत, आणि गावाच्या मनातली अस्पृश्यता तर होतीच. मुले येत नाहीत म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे होते. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत ती भरू लागली. आधी अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. लाकडी साधनांच्या जागी शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे आणि माती आली. मोजणे चिंचोक्यांनी, रंग पानाफुलांचे, लहानमोठेपणा खड्यांचा. अंगणातली ही बालवाडी हेच पुढच्या अंगणवाडीचे बीज मानले जाते.

वरवर पाहता ही गरिबीतून काढलेली युक्ती होती. नीट पाहिले तर तिच्यात एक खोल शहाणपण दिसते. अंगणात मूल आपल्या माणसांत असते. तिथे भावंड असते, शेजारचा सवंगडी असतो, भांडण असते आणि भांडण मिटवायला जवळच एक समजूतदार ताई असते. मूल जिथे अडखळते तिथेच, त्याच क्षणी त्याला हात मिळतो.

ठाऊक असते, पण जमत नाही

अतिचंचल मुलांच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा आज कळीचा ठरला आहे. एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या, तर शंभरातील साधारण पाच मुलांत ती आढळते. कुणाचे लक्ष टिकत नाही, कुणाला हालचाल आणि उतावळेपणा आवरत नाही, कुणात दोन्ही असते. केवळ खट्याळ मुलापासून ती वेगळी ओळखायची, तर ही लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, सहा महिने किंवा अधिक काळ टिकावी लागतात, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. आईच्या लाडांमुळे किंवा बापाच्या धाकाअभावी ती होत नाही.

या मुलांचे खरे नुकसान अनेकदा अभ्यासापेक्षा मैत्रीत होते. समोरचा बोलत असताना ते मध्येच बोलते. खेळाचा नियम ऐकून घेण्याआधी पळत सुटते. सवंगड्याचा चेहरा रडवेला झाला आहे, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. चारदा असे झाले, की पाचव्यांदा त्याला कुणी बोलावत नाही. आणि बोलावले नाही, की मिळूनमिसळून वागण्याचा सरावही बंद पडतो. दोन्हीकडून कोंडी होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी ही अडचण नेमकेपणाने मांडली आहे. या मुलांना पाळीने खेळावे हे बहुधा ठाऊक असते, ऐन वेळी ते हातून होत नाही. म्हणूनच वेगळ्या खोलीत बसवून सभ्य वागण्याचे धडे दिले, तर ते मैदानापर्यंत पोहोचतीलच असे नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आढाव्यातही अशा वर्गांचा ठोस उपयोग होतो, असा भक्कम पुरावा मिळाला नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात रेनी कॉर्डियर, अनिता बंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळालाच उपचाराचे साधन केले. मुलाला ओळखीच्या सवंगड्याबरोबर खेळू द्यायचे, त्याचे चित्रण दोघांना दाखवायचे, कुठे छान जमले आणि कुठे मित्र नाराज झाला ते बोलायचे, मग पुन्हा खेळायचे. आईवडिलांनीही घरी हेच पुढे चालवायचे. या प्रयोगांत मुलांच्या खेळण्यात सुधारणा दिसली, पण सहभागी मुले थोडी होती, म्हणून फार मोठे दावे करणे बरे नव्हे. तरीही दिशा स्पष्ट आहे. सवंगडी हवा, खरा खेळ हवा आणि जवळ एक शांत मोठे माणूस हवे. ताराबाईंच्या अंगणात या तिन्ही गोष्टी होत्या.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली ताराबाईंनी आपले काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवले. आता पासष्टी आली होती. इथली मुले वारली समाजाची होती. रानात वाढलेली, चपळ, आणि चार तास एका जागी बसण्याची मुळीच सवय नसलेली. शिवाय बरीचशी मुले गुरे राखत. गुरे सोडून शाळेत या म्हणणे म्हणजे त्या घराच्या भाकरीवर गदा आणणे होते. मग कुरणशाळा निघाली. जिथे गुरे चरतात तिथे शिक्षक जाऊ लागला. गुरांवर लक्ष ठेवता ठेवता गाणी, गोष्टी, आकडे आणि अक्षरे शिकवली जाऊ लागली.

तान्ह्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुली घरी राहतात हे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. प्रत्येक वेळी क्रम तोच होता. मूल शाळेत का बसत नाही याचा आधी बारकाईने शोध घ्यायचा आणि मग मुलाऐवजी शाळेची घडी बदलायची. मूल बदलत नाही म्हणून त्याला नावे ठेवण्याची सोय या पद्धतीत नाही.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या निधनापर्यंत नेटाने चालवले.

आपल्या अंगणात काय करता येईल

ताराबाईंच्या पद्धतीचे सोने घरोघरी वापरता येण्याजोगे आहे. पहिली पायरी निरीक्षणाची. आठवडाभर एका वहीत टिपून ठेवावे. मूल कधी जास्त बिथरते, किती वेळ रमते, कोणाबरोबर खेळ टिकतो. भुकेच्या वेळी, पाहुण्यांच्या गर्दीत किंवा संध्याकाळी थकल्यावर बिनसते का? ही वही डॉक्टरांकडे गेल्यावरही उपयोगी पडते.

दुसरे असे, की दहा मुलांच्या घोळक्यात सोडण्याआधी एकच सवंगडी घरी बोलवावा. खेळ दोघांनी मिळून करण्याजोगा असावा. मातीचा किल्ला, पिठाच्या गोळ्यांची भातुकली, ठोकळ्यांचा पूल. वेळ वीस मिनिटे पुरे. खेळ रंगात असतानाच तो संपवला, की दोन्ही मुले पुढच्या वेळेची वाट पाहतात. नियम एकच ठेवावा आणि तो खेळण्याआधी मुलाकडूनच वदवून घ्यावा.

तिसरे, आपल्या जुन्या खेळांकडे नव्या नजरेने पाहावे. स्टॅच्यूमध्ये शरीराला थांबवण्याचा सराव आहे. मामाचे पत्र हरवले या खेळात आपली पाळी येईपर्यंत बसून कान आणि डोळे उघडे ठेवावे लागतात. सागरगोट्यांत दुसऱ्याचा डाव संपेपर्यंत धीर धरावा लागतो. लगोरीत गडी वाटून घ्यावे लागतात, एकमेकांना हाक द्यावी लागते. आंधळ्या कोशिंबिरीत नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचा असतो. हरल्यावर बाद होऊन घरी बसावे लागणारे खेळ मात्र सुरुवातीला टाळलेले बरे, कारण या मुलांना पराभव झोंबतो आणि बाहेर बसून शिकण्यासारखे काही नसते.

चौथे, कौतुक ताबडतोब आणि नेमके असावे. आज शहाण्यासारखा वागलास, हे रात्री सांगण्यात फारसा अर्थ नाही. तू थांबून ताईला चेंडू दिलास, हे त्याच क्षणी सांगितले, तर मूल ते धरून ठेवते. भांडण झालेच, तर आधी दोघांना निवू द्यावे. मग बाहुल्या घेऊन तोच प्रसंग पुन्हा खेळावा. या बाहुलीला काय वाटले असेल, ती आता काय म्हणेल, हे मुलालाच सुचवू द्यावे. ज्याला स्वतःच्या तोंडून माफी मागणे जड जाते, तो बाहुलीच्या तोंडून सहज मागतो. दुसऱ्याचे मन ओळखून बोलण्याची ही पहिली शाळा होय.

खेळ म्हणजे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवावेच. काही मुलांना पुढे औषधेही लागतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र आईवडिलांना वर्तनाचे मार्गदर्शन देणे हाच पहिला उपाय मानला जातो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करायची असते आणि तपासायच्या विकारांच्या यादीत एडीएचडीही आहे. अकोल्याच्या वाडीवरच्या आईने पथक येईल तेव्हा वजन-उंचीबरोबर मुलाच्या चंचलतेविषयीही मोकळेपणाने विचारावे. तिचा तो हक्कच आहे.

ताराबाईंपाशी पैसा थोडा होता, साधने साधी होती आणि त्या काळचे वैद्यकशास्त्रही या बाबतीत फारसे पुढे गेलेले नव्हते. त्यांच्यापाशी होती ती एक धारणा. मूल उठून पळाले, तर ते कुठे पळाले हे जाऊन पाहावे. बहुतेक वेळा तिथे त्याचा खेळ मांडलेला असतो, आणि आपल्याला शिरायला जागा असते. ज्या पोराला आज कुणी खेळायला घेत नाही, त्याला एखाद्या घराने संध्याकाळी अंगणात बोलावून आपल्या मुलाबरोबर वीस मिनिटे खेळू दिले, तरी ताराबाईंचे काम त्या दिवसापुरते पुढे गेले म्हणायचे.